माझ्या कांजिण्यांचा पंचनामा

कांजिण्या यायच्याच असतील तर सातव्या वर्षी याव्यात. शाळा बुडते, लाड होतात, संपला विषय. मला आल्या एकतिसाव्या वर्षी, आणि त्याही गुरुवारी, जेव्हा शनिवारी सोलापुरात माझा कार्यक्रम होता. माझा म्हणजे मी ऐकायला जाणार होते तो, गझलांचा. गाणाऱ्या बाईंचं नाव सांगत नाही, उगाच त्यांचा आणि कांजिण्यांचा संबंध जोडला जायचा. आमच्या सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्या या गाणाऱ्या बाईंना ‘तुझी ती रडकी बाई’ म्हणतात. तुम्हीही तेवढ्यावर भागवा.

लग्न होऊन मुरुमला आले त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी पुष्कळ ठिकाणी गेले. लग्नांना गेले, बारशांना गेले, दवाखान्यात गेले आणि दर वर्षी तुळजापूरला गेले. पण ‘मला जायचंय’ असं म्हणून कुठं गेले का, तर नाही. सोलापूरचा हा कार्यक्रम पहिला. शिकवणीच्या पैशातून मी दोन तिकिटं काढली. दोन कशाला, तर बाईमाणूस एकटं कसं जाणार, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न. म्हणून सोबतीला उत्कर्ष. उत्कर्ष म्हणजे आमचे यजमान. समोर मी त्यांना ‘अहो’ म्हणते, मागे उत्कर्षच म्हणते. बी-बियाणांचं दुकान आहे, स्वभाव गरीब आहे, आणि गाणं सुरू झालं की पाचव्या मिनिटाला माणूस घोरायला लागतो. पण सोबत ती सोबत.

तिकिटं मोबाइलवर काढत होते तेव्हा सासरे शेजारी बसले होते. त्यांचं नाव बब्रुवान, मी त्यांना मामा म्हणते. पैसे भरायच्या आधी एक चौकट आली : आजारपणामुळे येता आलं नाही तर तिकिटाचे पैसे परत, विमा घ्या. मी ती चौकट सोडून पुढं जाणार, तेवढ्यात मामा ताठ झाले.

“इमा? घे, घे. इम्याला न्हाय म्हणायचं नसतं.”

मामांना विमा म्हणजे पीकविमा. त्या विषयात त्यांचा मुरुमात दबदबा आहे. कुणाचं सोयाबीन पाण्यात गेलं की तो माणूस आधी मामांकडं येतो, मग शेतात जातो. बहात्तर तासांत कळवायचं, फोटोत अक्षांश-रेखांश आले पाहिजेत, पंचनाम्यात शब्द कसे घालायचे, सगळं त्यांना तोंडपाठ. आजवर त्यांचा एकही दावा नामंजूर झालेला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. मी विमा घेतला.

आणि गुरुवारी सकाळी ताप चढला, आरशात बघितलं तर कपाळावर पाण्यानं भरलेले फोड. मी किंचाळले. आत्याबाई धावत आल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला चक्क हात जोडले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

“आई आल्या गं माझ्या घरी,” त्या म्हणाल्या. आई म्हणजे देवी; अंगावर असे फोड आले की आमच्याकडं तीच आली म्हणतात.

तासाभरात घर बदललं. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. माझ्या खाटेवर पांढरी चादर आली, उशाला पाला आला, घागरीत पाला आला. उत्कर्षची दाढी बंद झाली. स्वयंपाकघरात फोडणी बंद झाली, कारण तेल तडतडलं की आईला त्रास होतो. मामा एकवेळ पाऊस नसला तर सहन करतात, फोडणी नसलेलं वरण त्यांना सहन होत नाही. पण आईपुढं कोण बोलणार?

मी भीत भीत म्हटलं, “आत्याबाई, डॉक्टरांना बोलवलं तर?”

“आईला सुई टोचतीस व्हय? अन् पुन्हा त्यो शब्द काढू नको.”

“कुठला?”

“आजारी. कुणी आजारी न्हाय इथं. आई आल्यात, सात दिस ऱ्हातील, दहीभात खाऊन जातील.”

मी भिंतीकडं तोंड करून रडले. खोटं कशाला सांगू, फोडांसाठी नाही, त्या कार्यक्रमासाठी रडले. महिनाभर मी रोज त्यातली गाणी ऐकत होते, कुठलं आधी म्हणतील आणि कुठलं शेवटी, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. संध्याकाळी उत्कर्ष दारात उभा राहून म्हणाला, “अगं, पुढच्या महिन्यात हैद्राबादला हाय म्हणं त्यांचा कार्यक्रम. तिकिटं सुटलीत.” मी टुणकन उठून बसले. मामांनी अंगणातूनच निकाल दिला, “इम्याचं पैसं आलं तर हैद्राबाद. न्हाय आलं तर मोबाइलवर ऐकायचं. ह्या दाव्याचा जिम्मा माझा.”

म्हणजे माझं हैद्राबाद आता मामांच्या हातात.

शुक्रवारी सकाळी मामा दोन पंच घेऊन आले. शेजारचे बिभीषण, आणि कोंडीराम काका. कोंडीराम काकांची सारी नोकरी तलाठ्याच्या हाताखाली गेली, पंचनाम्याची भाषा त्यांच्या रक्तात आहे. आत्याबाईंनी दोघांना पाय धुवायला लावले आणि उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ते दोघं आणि मामा दाराच्या चौकटीत मान घालून माझ्याकडं बघू लागले. बुडालेलं रान बघतात तसंच बघत होते.

“तोंड ऐंशी टक्के गेलंय,” बिभीषण म्हणाले.

“हात मात्र साठच्या वर न्हायत,” कोंडीराम काका म्हणाले. “सरासरी काढावी लागंल.”

“सरासरी काढू नगा, तिथंच मारत्यात,” मामा अनुभवानं म्हणाले. “अन् झाकल्यालं क्षेत्र?”

“झाकल्यालं क्षेत्र?” स्वयंपाकघरातून आत्याबाई कडाडल्या. “सुनंचं झाकल्यालं क्षेत्र मोजताय? लाजा न्हायत व्हय?”

क्षेत्र न मोजता पंचनामा लिहिला गेला. त्याची प्रत माझ्याकडं आहे, मरेपर्यंत जपणार आहे. त्यात लिहिलंय : ‘आम्ही खाली सह्या करणार पंच लिहून देतो की, आज रोजी बब्रुवान यांचे राहते घरी समक्ष हजर राहून पाहणी केली. सदर सून निकिता ही खाटेवर पडून असून तिची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस लोखंडी कपाट, पश्चिमेस खिडकी, दक्षिणेस लिंबाचा डहाळा, उत्तरेस दरवाजा व पंच. सदर सुनेचे चेहऱ्यावर, मानेवर व हातावर फोड असून नुकसानीचे प्रमाण अंदाजे ऐंशी टक्के आहे. नुकसान नैसर्गिक आपत्तीमुळे झाले असून त्यात सुनेचा निष्काळजीपणा आढळून येत नाही.’

मग फोटो. मामांनी मोबाइलमधलं ते अक्षांश-रेखांश उमटवणारं ॲप काढलं. मला इतकं हसू येत होतं की फोड ताणले जात होते.

“हसू नको,” मामा वैतागले. “हसलीस की नुकसान दिसत न्हाय.”

फोटो गेले, पंचनामा गेला. बहात्तर तासांच्या आत, चोवीस तासांतच गेला, म्हणून मामा खूश. अर्जात फोन नंबर त्यांनी स्वतःचा दिला. इथं घात झाला. कारण मामा शेतात जातात तेव्हा त्यांचा फोन घरात चार्जिंगला असतो, आणि तो वाजला की आत्याबाई उचलतात.

शनिवारी दुपारी फोन वाजला. मी आतल्या खोलीत खाटेवर. आत्याबाईंना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, त्या तो तोंडासमोर धरून मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळं सगळं मला ऐकू येत होतं.

“नमस्कार, मी श्रीदेवी बोलते, तिकिटाच्या विमा कंपनीतून. निकिता यांच्या आजारपणाबद्दल विचारायचं होतं.”

“कुणाचं आजारपण?”

“निकिता यांचं. त्या आजारी आहेत ना?”

“आजारी पडूद्यात तुमचं दुश्मन!” आत्याबाई म्हणाल्या. “आमच्या घरात कुणी आजारी न्हाय. अजाबात न्हाय. आईची किरपा हाय.” आणि फोन बंद.

पाव तासात संदेश आला. पंचनामा ग्राह्य धरता येत नाही. दूरध्वनीवरील पडताळणीत विमाधारक आजारी नसल्याचं कुटुंबीयांनी सांगितलं आहे. आज मध्यरात्रीपर्यंत, आजच्या किंवा आधीच्या तारखेचं, नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र न आल्यास दावा बंद करण्यात येईल.

मी आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडले. “आत्याबाई, तुमच्या एका वाक्यानं माझं हैद्राबाद गेलं! नुसतं हो म्हणायचं होतं!”

त्या दारात उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

“आई घरात असताना खोटं बोलू?” त्या म्हणाल्या. “तुझ्या अंगावर हायत त्या. उलट्या फिरल्या तर?”

त्या माझ्यासाठीच भीत होत्या. आणि तरी माझा संताप काही कमी होईना.

मामा शेतातून आले, संदेश वाचला आणि खाटेच्या दिशेनं न बघता बसून राहिले. त्यांचा पहिला नामंजूर दावा, तोही सुनेचा. मी मात्र पांघरुणात तोंड खुपसून अस्मिताला फोन लावला. अस्मिता माझी उमरग्याची शाळेतली मैत्रीण, तिचा तिथं दवाखाना आहे. सगळं सांगितलं आणि म्हटलं, “फोटो पाठवते, तेवढं लिहून दे.”

“पेशंट बघितल्याशिवाय मी सही करत नाही,” ती म्हणाली.

“मग ये बघायला.”

“तुझी सासू मला दारात उभी करील?”

“डॉक्टरीण म्हणून येऊच नको ना. सवाष्ण म्हणून ये. ओटी भरायला.”

अस्मिता अशी हसली की तिच्याकडचा पेशंट नक्की दचकला असणार.

उन्हं कलता कलता ती आली. काठापदराची साडी, नाकात नथ, हातात पिशवी. पिशवीत नारळ, खण, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या. दारातच पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला. आत्याबाई एकदम विरघळल्या. इतकी शिकली-सवरलेली दिसणारी बाई आईच्या दर्शनाला उमरग्याहून आली, म्हणून त्यांनी स्वतः पाट मांडला.

अस्मितानं आधी मला कुंकू लावलं. ते लावताना तिचा तळहात माझ्या कपाळावर बराच वेळ राहिला. मग ती बांगड्या भरायला बसली. डाव्या हातात बांगडी चढवायला तिला पूर्ण एक मिनिट लागलं, आणि तेवढा वेळ तिची तीन बोटं माझ्या मनगटावर होती. मग चिमूटभर साखर घेतली आणि म्हणाली, “आईला साखर भरवते. मोठा आ करा, आई. आणखी मोठा.” खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिनं घसा बघून घेतला.

“पाठीलाबी हळद लावते,” ती म्हणाली. अस्मिता एरवी ‘बी’ म्हणत नाही, पण त्या दिवशी ती सगळ्याच बाबतीत पोहोचलेली होती. हळद लावून झाल्यावर तिनं नमस्काराला डोकं टेकवलं ते थेट माझ्या पाठीवर, आणि कान लावून पुटपुटली, “मोठा श्वास घे. सोड. पुन्हा घे.”

“कुठला मंतर म्हणं?” आत्याबाईंनी कौतुकानं विचारलं.

“आमच्याकडचा जुना आहे,” अस्मिता म्हणाली.

जाताना ओटीतल्या खणाकडं बोट दाखवून ती माझ्या कानात म्हणाली, “घडीत तापाच्या गोळ्या आहेत. दम लागला तर ओटी-बिटी काही नाही, सरळ गाडी करून ये.” तासाभरात प्रमाणपत्र आलं. नाव, वय, कांजिण्या, सात दिवस विलगीकरण, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. मामांनी ते तीन वेळा वाचलं आणि म्हणाले, “ह्याच्यात चतुःसीमा न्हाय, पण चालंल.” नऊच्या आत ते कंपनीकडं गेलं.

सोमवारी पुन्हा फोन. त्या वेळी मामा घरात होते, पण फोन आत्याबाईंच्या हातात होता आणि तो त्यांनी दिला नाही. मी खाटेवरून उठून दारापर्यंत आले. मामा हातवारे करून सांगत होते, ‘हो म्हण, हो म्हण.’ आत्याबाई त्यांच्याकडं बघेचनात.

“मावशी, मी श्रीदेवी. शनिवारी तुम्ही म्हणालात, घरात कुणी आजारी नाही. आणि डॉक्टरांच्या कागदावर कांजिण्या लिहिलंय. दोन्ही खरं कसं असेल?”

“दोनी खरं हाय,” आत्याबाई म्हणाल्या.

मामांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे?”

“कागदाचं मला ठावं न्हाय. आमच्याकडं आई आल्यात. बेस्तरवारी आल्या. पयल्यांदा कपाळावर, मग तोंडावर, मग सगळ्या अंगावर. दोन दिस पोरीचं अंग इस्तवावानी तापलं. रातभर म्या उशाला बसले. तिला आजारी म्हणायला माझी जीभ रेटत न्हाय, बाई. तुम्ही पैसं देऊ नगा वाटल्यास. पण तिला तुमच्या त्या गाण्याला धाडली असती, तर शंभर लेकरांच्या घरी आई गेल्या असत्या. म्हणून न्हाय धाडली.”

मग त्या श्रीदेवीचा आवाज आला, पण कंपनीचा आवाज गेला होता.

“मावशी, मी मूळची तेरची, तुमच्याच भागातली. घरात फोडणी बंद आहे का?”

“बेस्तरवारपासनं. आमचं मालक तोंड वाकडं करून वरण गिळत्यात.”

“मालकांची दाढी?”

“त्यांची बी वाढलीय, पोराची बी वाढलीय. दोघं बी चोरावानी दिसत्यात.”

“मग झालं माझं काम,” ती म्हणाली. “मी कांजिण्या लिहिते. तुमच्या तोंडून काही वदवत नाही.”

“तुमच्या वहीत काय लिव्हायचं ते लिव्हा,” आत्याबाई म्हणाल्या. “बोळवणीचा दहीभात खायला यायचं असलं तर या.”

दावा मंजूर झाला तो पुढच्या आठवड्यात. आईंची बोळवण झाली होती, मी न्हाऊन-माखून अंगणात बसले होते, गालावर खपल्या होत्या. मामांनी संदेश वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. पैसे एकाच तिकिटाचे आले होते. ज्याला आजार त्याचंच तिकीट, सोबत्याचं नाही, असं त्यांच्या नियमात होतं.

“दोन एकराचं भरलं अन् एका एकराचं आलं?” मामा उखडले. “उत्कर्ष, तू चार दिस हिच्याजवळ बस. तुला बी फुटू दे काहीतरी.”

“मला चौथीतच येऊन गेल्यात,” उत्कर्ष म्हणाला. “आन् कार्यक्रम बी होऊन गेला की, आता फुटून काय उपेग?”

मामा थोडा वेळ धुसफुसले आणि मग शांतपणे म्हणाले, “जाऊ दे. एका तिकिटात काय हुतंय? एकटीला का हैद्राबादला धाडायचं हाय? आलेलं पैसं ठिव जपून.”

झालं. विम्याचे पैसे आले तर हैद्राबाद, असं याच तोंडानं म्हणाले होते. मी उत्कर्षकडं बघितलं. तो मोबाइलमध्ये बियाणांचे भाव बघत होता. पंचनामा करून घेतला, अंगावर ऐंशी टक्के लिहून घेतले, मैत्रिणीला नथ घालायला लावली, आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न : बाईमाणूस एकटं कसं जाणार? मला भयंकर राग आला.

आत्याबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“आई कुणावर आल्या?” त्यांनी मामांना विचारलं.

“हिच्यावर.”

“एकटीवर ना? दोघांला धाडायचं असतं, तर दोघांवर आल्या असत्या. पैसं बी एकटीचंच धाडलंत. आता आईच्या मनात काय हाय, ते तुमी सांगणार का मी सांगू?”

पीकविम्यात त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही, पण आईंचं खातं आत्याबाईंकडं आहे. ते चपला घालून शेताकडं निघून गेले. उत्कर्ष म्हणाला, “मी उमरग्यापतोर सोडतो, तिथनं सरळ बस हाय,” आणि दुकानाला गेला. तेवढं म्हणाला, तेही त्याच्या मानानं पुष्कळ.

मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला वर उचललं.

“ती तुझी मैतरीण,” त्या हळूच म्हणाल्या, “बांगड्या भरताना भिंतीवरच्या घड्याळाकडं का बघत व्हती गं?”

माझे कान तापले. “तुम्हाला कळलं होतं?”

“मला काय खुळी समजती? खणात गोळ्या व्हत्या, त्या तू दुधासंगं घेतल्यास, ते बी दिसलं. म्या काय बोलले का? ती ओटी भरते म्हणली, भरली. खोटं कुणीच बोललं न्हाय.”

“पण एकटीला जाऊ देता, भीती नाही वाटत?”

“वाटती की,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. “म्या सोलापूर एकदाच बघितलं. डोळ्याच्या आपरेशनला. जाताना दोनी डोळ्यांला धुरकट दिसत व्हतं, येताना एकाला पट्टी. सोबतीला चार माणसं व्हती. कुठं काय हाय ते ती चौघंच बघून आली, अन् घरी येऊन मलाच सांगत बसली.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, डोळे भरून आले.

“तू एकटी जा,” आत्याबाई म्हणाल्या. “तुझ्या डोळ्यांनी बघून ये. अन् त्या रडक्या बाईचं जे आवडंल ते मला बी लावून दाव.”

मी तिथंच त्यांच्याशेजारी बसून मोबाइल काढला आणि हैद्राबादचं एक तिकीट काढलं.